अंगणातल्या संत्र्याच्या झाडाला खत कसं द्यावं

पुण्यात संत्र्याचं झाड पिवळं पडलं की आपण युरिया आणायला धावतो. मीही दोन वर्षं तेच केलं, आणि झाड तसंच राहिलं. म्हणून आधी पानं बघा.

खालची जुनी पानं सरसकट पिवळी असतील तर नत्र कमी आहे. शेंड्याची कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या, तर लोह. कोवळी पानं छोटी, अरुंद आणि शिरांच्या मधे पिवळे पट्टे, तर जस्त. आपल्या चुनखडीच्या मातीत आणि बोअरच्या जड पाण्यावर हे दोन्ही नेहमीचं; मातीत असूनही मुळांना ते घेता येत नाहीत. तिथे युरियाचा उपयोग नाही. जस्तासाठी १ लिटर पाण्यात ५ ग्रॅम झिंक सल्फेट आणि अडीच ग्रॅम विरलेला चुना, गाळून, कोवळी पालवी उघडल्यावर संध्याकाळी फवारा. लोहासाठी पाकिटावर 'ईडीडीएचए' लिहिलेलं चिलेटेड लोह मातीतून द्या. ईडीटीए प्रकारचं चुनखडीत टिकत नाही.

आता मुख्य खत. पाणी वर्षभर असेल तर आंबे बहार (जानेवारी-फेब्रुवारीत येणारी फुलं) धरा, म्हणजे जानेवारीत पाणी सुरू करताना खत द्यायचं. पाच-सहा वर्षांच्या झाडाला दोन घमेली चांगलं कुजलेलं शेणखत आणि किलोभर निंबोळी पेंड. सोसायटीत ओल्या कचऱ्याचं खत तयार होत असेल तर तेही चालेल, फक्त त्याला मातीचा वास यायला हवा, आंबूस नको.

खत बुंध्याशी कधीच रचू नका. साल ओली राहून डिंक्या (सालीतून डिंक गळण्याचा रोग) लागतो, आणि तिथे खाणारी मुळंही नसतात. ती असतात वरच्या फूटभर मातीत, फांद्यांच्या टोकांखाली. तिथे हातभर रुंद गोल पट्टा आखा, खुरप्याने दोन इंच माती हलवा (कुदळ नको, मुळं तुटतात), खत मिसळा, भरपूर पाणी द्या आणि वर वाळला पाला पसरा.

नत्र कमी असेल तरच युरिया, तोही एकदम नाही: जानेवारीत १०० ग्रॅम, फळं गोटीएवढी झाल्यावर १०० ग्रॅम, पावसाच्या सुरुवातीला १०० ग्रॅम. कोरड्या मातीत टाकू नका.

कुंडीतल्या झाडाला युरिया देऊच नका. दर दीड-दोन महिन्यांनी दोन मुठी गांडूळखत पुरे.