गळका सांडपाण्याचा पाइप घरमालकाकडून नीट दुरुस्त कसा करून घ्यावा

सिंकखाली पाणी साचतं. आपण घरमालकांना फोन करतो, ते कुणाला तरी पाठवतात. आलेला माणूस जोडावर पांढरा लेप थापतो आणि दहा मिनिटांत निघून जातो. पंधरा दिवसांनी पुन्हा थेंब सुरू होतात. आपण पुन्हा फोन करतो, तर पलीकडून येतं, "आत्ताच तर केलं ना!" खरी अडचण इथे सुरू होते, कारण एकदा थातूरमातूर काम झालं की पुढची प्रत्येक तक्रार मालकांना कटकट वाटायला लागते. म्हणून पहिलीच तक्रार इतकी नेमकी करायची की लेपावर भागवणं कुणालाच जमू नये.

माझ्या भाड्याच्या घरात बेसिनच्या पाइपाला तीनदा असा लेप लागला. चौथ्या वेळी मी हट्टाने जोड उघडायला लावला, तेव्हा कळलं की आत वायसरच नव्हता. तोवर शेजारच्या कपाटाची फळी फुगून वाया गेली होती.

आधी गळती कुठली ते शोधा

नळाला येणाऱ्या पाण्याच्या पाइपात सतत दाब असतो, त्यामुळे तो गळत असेल तर रात्रंदिवस गळतो. सांडपाण्याचा पाइप मात्र पाणी सोडलं तरच गळतो. सगळे जोड कोरड्या फडक्याने पुसा आणि तासभर पाणी वापरू नका. तरीही ओल आली तर गळती येणाऱ्या पाण्याच्या पाइपाची आहे. अशा वेळी मुख्य कॉक बंद करून त्याच दिवशी माणूस बोलवावा लागतो.

ओल आली नाही, तर सिंक किंवा बेसिनला बूच लावून ते काठोकाठ भरा आणि एकदम सोडा. नळाची बारीक धार सोडून बघण्यात अर्थ नाही, कारण तेव्हा पाइप तळाशीच ओला होतो आणि वरच्या बाजूची चीर कोरडी राहते. पाणी जात असताना टिश्यू पेपर घेऊन वरून खाली एकेक जोड टिपत या. वरून खालीच यायचं, कारण पाणी पाइपाच्या अंगाने ओघळत सगळ्यात खालच्या जागी थेंब धरतं. थेंब पडतो ती जागा आणि गळते ती जागा बहुतेकदा वेगळी असते. लेप चुकीच्या ठिकाणी लागतो तो यामुळेच.

टिपायच्या जागा ठराविक आहेत: सिंकच्या जाळीखालचं वेस्ट कपलिंग, ट्रॅपच्या (सिंकखालच्या पाइपाच्या वाकड्या भागाच्या) दोन्ही बाजूंचे नट, आणि लवचिक पाइप भिंतीतल्या पाइपात जिथे घुसवलेला असतो ते तोंड. या तोंडाला बऱ्याचदा रबरी बूच नसतंच, पाइप नुसता खोचलेला असतो. बेसिन काठोकाठ भरल्यावरच गळत असेल तर वरच्या ओव्हरफ्लोच्या भोकाचा जोडही बघा.

भिंतीतल्या पाइपाच्या तोंडातून पाणी उलटून बाहेर येत असेल आणि सिंकमधलं पाणीही सावकाश उतरत असेल, तर पाइप पुढे कुठेतरी तुंबलेला आहे. अशा वेळी जोड कितीही घट्ट केला तरी उपयोग नाही. खर्चाच्या दृष्टीनेही हा फरक मोलाचा आहे. बहुतेक भाडेकरारांत रोजच्या वापराने तुंबलेलं काढणं भाडेकरूकडे असतं आणि पाइप, जोड, भिंतीतली व्यवस्था मालकांकडे. फोन लावण्याआधी आपला करार काढून ते कलम वाचा.

गळती भिंतीत किंवा जमिनीखाली असल्याची शंका असेल तर पाण्यात खायचा रंग मिसळून ते एका वेळी एकाच ठिकाणी सोडा: आज बेसिन, उद्या न्हाणी. रंग ओलीत उतरला की कुठल्या वाटेने पाणी येतंय ते कळतं. स्लॅबमधून उतरायला वेळ लागतो, तेव्हा दोन चाचण्यांमध्ये एक दिवस जाऊ द्या.

पुरावा जमवा, पण घर सांभाळा

अर्ध्या मिनिटाचा एकच व्हिडिओ काढा, ज्यात पाणी सोडलेलंही दिसेल आणि थेंब पडताना जोडही दिसेल. खाली भांडं ठेवून पाणी मोजा. "खूप गळतंय" या शब्दांना वजन नसतं. "एक सिंकभर पाणी सोडलं की दीड वाटी खाली पडतं" असं म्हटलं की कुणी वाद घालत नाही. हे सगळं होईपर्यंत स्वतः टेप गुंडाळू नका, नाहीतर गळती तुमच्या खटपटीने झाली असं म्हणायला जागा मिळते.

ओलीजवळ स्विचबोर्ड किंवा वायर असेल तर तिथली वीज बंद करा, हे सगळ्यात आधी. सांडपाण्यात जंतू असतात, तेव्हा हातमोजे घाला आणि त्या कप्प्यातली भांडी हलवा. ओली झालेली जागा 24 ते 48 तासांत कोरडी करा, त्यानंतर बुरशी धरू लागते. पाइपात ॲसिड ओतू नका. जोड उघडणाऱ्याच्या हातातोंडावर ते उडू शकतं, आणि ब्लीचशी त्याचा संपर्क आला तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो.

फोन करा, मग लगेच लिहून पाठवा

फोनवर माणुसकीने बोलता येतं, पण आठवणीत काहीच राहत नाही. म्हणून फोन ठेवल्यावर मेसेज किंवा ईमेल करा, साधारण असा:

"नमस्कार. आत्ता बोलल्याप्रमाणे, स्वयंपाकघरातल्या सिंकखाली ट्रॅप आणि भिंतीतला पाइप यांच्यातला जोड गळतोय. एक सिंकभर पाणी सोडलं की दीड वाटी खाली पडतं. व्हिडिओ सोबत आहे. भिंतीला ओल धरू लागली आहे, आणि पाणी स्लॅबमध्ये मुरलं तर नुकसान वाढेल. जोड उघडून खराब भाग बदलावा लागेल असं दिसतं. शनिवारपर्यंत प्लंबर कधी येऊ शकेल ते कृपया कळवा. मी घरी थांबेन."

यात दोष नेमका आहे, मालकांचं नुकसान दिसतंय आणि तारीख ठरलेली आहे. "लवकर बघा" असं लिहू नका, कारण लवकर म्हणजे कधी हे मग तेच ठरवतात. स्लॅबमधलं लोखंड ओलीने गंजतं आणि ते काम वायसर बदलण्यापेक्षा कितीतरी महाग पडतं, हे बहुतेक मालकांना पटतं. सूर मात्र सौम्य ठेवा.

प्लंबर आला की काय बघायचं

त्या वेळी घरी थांबाच. नटाचा जोड असेल तर तो उघडून, आतली घाण पुसून वायसर बदलायला हवा. इथे पाणी अडवतो तो वायसर, त्यामुळे आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळून भागत नाही. नट पान्याने फार आवळला तर प्लास्टिक तडकतं.

सोल्युशनने चिकटवलेल्या पीव्हीसी जोडावर बाहेरून थापलेलं काहीही फार काळ टिकत नाही. तेवढा तुकडा कापून नवा घालायला सांगा. दोन्ही टोकं कोरडी आणि स्वच्छ हवीत, सोल्युशन दोन्हीकडे लागायला हवं, आणि डब्यावर लिहिलेला वेळ जाईपर्यंत पाणी सोडायचं नाही. बिडाचा पाइप गंजून पातळ झाला असेल तर तो भाग बदलण्याशिवाय इलाज नाही.

आणखी दोन गोष्टी मुद्दाम विचारा. आडव्या पाइपाला ढाळ आहे का? दर मीटरला साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर हवा. पाइपाला क्लॅम्प आहेत का? आधार नसलेला पाइप स्वतःच्या आणि पाण्याच्या वजनाने झुकतो आणि नवा जोडही पुन्हा उघडतो. "ट्रॅप काढून सरळ पाइप टाकतो, म्हणजे तुंबणार नाही" असं कुणी म्हणालं तर ठाम नकार द्या. ट्रॅपच्या बाकात साचून राहणारं पाणीच गटाराचा वायू आणि वास घरात येण्यापासून अडवतं.

निघण्यापूर्वी त्याच्यासमोरच चाचणी करा. काठोकाठ भरून दोनदा सोडा, एकदा गरम पाणी आणि एकदा गार, कारण प्लास्टिक तापल्यावर प्रसरण पावतं आणि थोडासा सैल राहिलेला जोड तेव्हा उघडा पडतो. उकळतं पाणी मात्र ओतू नका, त्याने पीव्हीसी मऊ पडतं. सगळे जोड टिश्यूने टिपा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा टिपा. तेव्हाही कोरडे निघाले तरच मालकांना "काम झालं, धन्यवाद" असं कळवा. भिंत फोडली असेल तर ती बुजवण्याआधी काही दिवस थांबायला सांगा.

मालक टाळत असतील तर

दुसरा मेसेज पाठवा आणि त्यात पहिल्या मेसेजची तारीख, आधीच्या कामांच्या तारखा आणि नवा व्हिडिओ द्या. स्वतः एखादा प्लंबर बोलावून गळतीचं कारण आणि अंदाजे खर्च त्याच्याकडून लिहून घ्या. खालच्या मजल्यावर ओल उतरली असेल तर तिथल्या रहिवाशांनाही मालकांना लिहायला सांगा. दोन घरांची तक्रार टाळणं अवघड जातं.

दुरुस्ती स्वखर्चाने करून रक्कम भाड्यातून वळती करायची असेल तर मालकांची लेखी संमती आधी घ्या. रागाने भाडं थांबवू नका. गळती त्यांची असली तरी थकबाकीदार तुम्ही ठरता, आणि पुढचं बोलणं पाइपाऐवजी भाड्यावर जातं. तरीही मालक दाद देत नसतील तर पुढची पायरी म्हणजे तुमच्या भागातलं भाडेकरूंसाठीचं सल्ला केंद्र, किंवा स्थानिक प्रशासनाचा आरोग्य अथवा बांधकाम विभाग. तिथे ही सगळी फाइल घेऊन जा. घर सोडेपर्यंत ती जपून ठेवा, कारण भिंतीवरच्या त्या डागासाठी डिपॉझिटमधून पैसे कापायची वेळ आली, तर पहिल्या मेसेजची तारीखच तुमच्या बाजूने बोलेल.