वृद्धांची दीर्घकालीन काळजी: ‘त्रास देतात’ म्हणण्याआधी या चुका टाळा

वृद्धाश्रमातलं असो किंवा घरी ठेवलेल्या अटेंडंटचं, रजिस्टर उघडलं की काही शेरे हमखास सापडतात. ‘सहकार्य करत नाहीत’, ‘अंघोळीला विरोध’, ‘रात्री आरडाओरडा’, ‘जेवण नाकारलं’. माणसाने काय केलं ते शेऱ्यात असतं. त्याआधी त्याच्या बाबतीत काय घडलं, ते नसतं. पहाटे पाचला ट्यूबलाइट लावून अंगावरचं पांघरूण ओढलं होतं, हे कुणी लिहीत नाही. या तक्रारींतल्या बऱ्याचशा आजारामुळे नव्हे, वेळापत्रकामुळे उद्भवतात असं माझं स्पष्ट मत आहे. आणि वेळापत्रक बहुतेक वेळा काळजी घेणाऱ्याच्या सोयीचं असतं. एकटीने दहा-बारा जणांचं करणाऱ्या मावशींना सोय लागणारच, त्याबद्दल वाद नाही. पण ती सोय कुठे उलटते, ते ओळखता आलं पाहिजे.

वागणं बदललं की लगेच स्वभावावर किंवा वयावर ढकलणं

आधी एकच प्रश्न विचारा: हा बदल अचानक झाला की हळूहळू? काल नीट बोलणारी व्यक्ती आज असंबद्ध बोलतेय, माणसं ओळखत नाहीये, कपडे ओढतेय, असं काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत झालं असेल, तर ते ‘वय झालं’ म्हणून सोडून देऊ नका. याला डेलिरियम म्हणतात आणि त्यामागे बहुधा शरीरातलं कारण असतं. जंतुसंसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ, लघवी तुंबणं, दुखणं, नव्याने सुरू झालेलं औषध. डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवावं. याचा एक शांत प्रकारही असतो. माणूस गप्प होतो, झोपून राहतो, घास तोंडात धरून ठेवतो. तो कुणाला त्रास देत नाही, म्हणून नजरेतूनही सुटतो. ‘आज आजोबा अगदी शहाण्यासारखे पडून आहेत’ हे वाक्य ऐकलं की मला तरी धडकी भरते.

बदल जुना असेल, वारंवार होत असेल, तर आठवडाभर चार गोष्टी लिहून ठेवा: किती वाजता झालं, त्याआधी काय चाललं होतं, जवळ कोण होतं, कशाने शांत झाले. बहुतेकदा काही दिवसांतच चित्र दिसू लागतं. रोज कुशीवर वळवतानाच ओरडतात? मग खांदा किंवा कंबर तपासा. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला ‘दुखतंय’ हा शब्द सापडत नसेल, तरी शरीर सांगत असतं. 2003 मध्ये अशा रुग्णांसाठी ‘पेनॅड’ नावाची मोजपट्टी प्रसिद्ध झाली. श्वास, कण्हणं, चेहरा, शरीराचा ताण आणि समजूत घातल्यावर पडणारा फरक या पाच गोष्टींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण द्यायचे. तिच्यावरून निदान होत नाही, पण ‘उगाच ओरडतात’ याच्या जागी काहीतरी बघितल्याची नोंद होते.

हे सगळं सोडून ‘शांत राहण्याची गोळी’ मागणं ही याच चुकीची पुढची पायरी. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये अँटिसायकोटिक, म्हणजे मूळ गंभीर मानसिक आजारांसाठीच्या, औषधांमुळे मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2005 मध्ये नव्या पिढीच्या औषधांना आणि 2008 मध्ये जुन्या औषधांनाही लावला. काही वेळा ती लागतात; स्वतःला किंवा इतरांना गंभीर इजा होण्याची भीती असेल तेव्हा डॉक्टर देतात. सुरू असलेली गोळी आपल्या मनाने बंदही करू नका. पण कशासाठी दिली आणि पुन्हा कधी तपासायची, हे विचारून लिहून ठेवा. नाहीतर महिन्याभरासाठी लिहिलेली गोळी वर्षानुवर्षं चालू राहते.

अंघोळ म्हणजे उरकायचं काम

मारणं, चावणं, शिव्या देणं हे सगळ्यात जास्त कुठे घडत असेल तर ते न्हाणीघरात. त्यात नवल नाही. थंडगार फरशी, उघडं अंग, समोर ओळखीची नसलेली व्यक्ती आणि काही न सांगता डोक्यावर ओतलेलं पाणी. हे काय चाललंय याचा अर्थ लागत नसेल, तर कुणीही हात उगारेल.

2004 मध्ये अमेरिकेतल्या शुश्रूषागृहांमध्ये स्मृतिभ्रंश असलेल्या रहिवाशांवर झालेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अंघोळीची पद्धत माणसानुसार बदलल्यावर किंवा गादीवरच ओल्या गरम टॉवेलने अंग पुसल्यावर हल्ल्यांचं प्रमाण निम्म्याहून खाली आलं. औषध तेच, आजार तोच.

करायचं काय? आधी खोली उबदार करा. टॉवेल, कपडे, साबण सगळं हाताशी घ्या, म्हणजे मध्येच माणसाला ओलं सोडून धावावं लागणार नाही. मोठा टॉवेल खांद्यांवरून मांड्यांपर्यंत पांघरा आणि जो भाग धुताय तेवढाच उघडा. सुरुवात पायांपासून करा. चेहरा आणि केस शेवटी, नाहीतर दुसऱ्या दिवशी. पाणी आधी त्यांच्या हातावर घालून ‘चालेल का एवढं गरम?’ असं विचारा. साबण लावलेलं फडकं त्यांच्याच हातात द्या. छातीपर्यंत हात पोचला तरी पुरे, पण तेवढा वेळ हात कामात असतो आणि माणूसही. नको म्हणाले तर थांबा, वीस मिनिटांनी परत या. रोज पूर्ण अंघोळ घातलीच पाहिजे असा वैद्यकीय नियम नाही. चेहरा, काखा, जांघा आणि त्वचेच्या घड्या रोज स्वच्छ झाल्या तर बाकीचं अंग एक दिवसाआड चालतं. आयुष्यभर रात्री अंघोळ करणाऱ्याला सकाळी सातला न्हाणीत उभं करण्याचा हट्ट कशासाठी?

डायपर आधी, शौचालय नंतर

डायपर वाईट नाही, पण तो पहिला उपाय असू नये. लघवीवरचा ताबा सुटला असं वाटतं त्या कित्येक वेळा मूत्राशय ठीक असतं. मदत उशिरा पोचते, पायजम्याची नाडी सुटत नाही, अंधारात दार दिसत नाही. म्हणजे दोष मूत्राशयाचा नसतो, तिथवर पोचण्याचा असतो. नाडीऐवजी इलास्टिक लावा, वाटेत रात्रभर मंद दिवा ठेवा, दारावर मोठं चित्र लावा, कमोडशेजारी पकडायला दांडा बसवा. दोन-तीन दिवस वेळा लिहून घेतल्या की त्या माणसाचं स्वतःचं घड्याळ कळतं. त्याच्या थोडं आधी विचारा. ‘डायपर घातलाय ना, त्यातच करा’ हे वाक्य मात्र कधीही तोंडातून जाऊ नये.

कपडे ओले होऊ नयेत म्हणून पाणी कमी द्यायचं, हा उपाय तर हमखास अंगाशी येतो. बद्धकोष्ठ वाढतं, लघवीचा संसर्ग होतो, गोंधळलेपणा येतो, आणि ‘अचानक बिघडले’ म्हणून आपण पुन्हा सुरुवातीला येऊन पोचतो. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे डॉक्टरांनीच पाणी मोजून द्यायला सांगितलं असेल, तर गोष्ट वेगळी.

पडू नयेत म्हणून बसवून ठेवणं

पडण्याची भीती खरी आहे. खुब्याचं हाड मोडलं की आयुष्यच बदलतं. पण न हलणंही सुरक्षित नसतं. 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या प्रयोगात, सरासरी 67 वर्षांची, तब्येतीने चांगली असलेली माणसं दहा दिवस अंथरुणावर राहिली. तेवढ्यात त्यांच्या पायांतला चरबीविरहित भाग, म्हणजे मुख्यतः स्नायू, जवळपास एक किलोने घटला. आधीच अशक्त असलेल्याचं काय होत असेल, याचा अंदाज करा. पडू नये म्हणून बसवलं, बसवल्यामुळे पायांतलं बळ गेलं, बळ गेल्यामुळे पहिल्याच प्रयत्नात पडले, आणि मग ‘बघा, सांगितलं होतं ना’.

पलंगाचे कठडेही दिसतात तितके निर्धोक नसतात. गोंधळलेला माणूस त्यांच्यावरून चढतो आणि जास्त उंचीवरून पडतो, किंवा गादी आणि कठड्याच्या फटीत अडकतो. खुर्चीला बांधणं तर उपचारात बसतच नाही. अमेरिकेने 1987 च्या कायद्याने शुश्रूषागृहातल्या रहिवाशांना, शिस्तीसाठी किंवा कर्मचाऱ्यांच्या सोयीसाठी बांधून ठेवलं जाण्यापासून मुक्त असण्याचा हक्क दिला.

त्याऐवजी पलंग खाली घ्या. पायाला घट्ट बसणारी, न घसरणारी चप्पल, ताज्या नंबरचा चष्मा, योग्य उंचीचा वॉकर. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांवर डॉक्टरांची एक नजर. आणि त्या माणसाला विचारा, तुम्हाला कशासाठी चालायचंय? अंगणातल्या झाडांपर्यंत जायचं असेल, तर ‘रोज दहा मिनिटं व्यायाम’ यापेक्षा झाडांपर्यंत जाणं जास्त दिवस टिकतं. अमेरिकी लेखक रॉबर्ट पर्स्की यांनी 1972 मध्ये, बौद्धिक अपंगत्व असलेल्या व्यक्तींबद्दल लिहिताना, धोका पत्करण्यातही माणसाची प्रतिष्ठा असते असं मांडलं. वृद्धांच्या बाबतीत ते आपण फार सहज विसरतो. कुटुंब, कर्मचारी आणि ती व्यक्ती यांनी मिळून कुठला धोका चालेल ते ठरवावं आणि लिहून ठेवावं. मग पडले तर दोष कुणाच्या माथी मारायचा, हा खेळ थांबतो.

प्रेमापोटी सगळं हातात देणं

एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या मानसशास्त्रज्ञांनी 1976 मध्ये एका शुश्रूषागृहातला प्रयोग प्रसिद्ध केला. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितलं: तुमच्या खोलीची मांडणी, दिवसाचा वेळ हे तुम्ही ठरवा, हवं तर रोप निवडा आणि तुम्हीच सांभाळा. दुसऱ्या मजल्यावर रोपं दिली, पण पाणी नर्स घालणार. पहिल्या मजल्यावरची माणसं जास्त उत्साही आणि आनंदी दिसली. हा अभ्यास लहान होता. नंतर त्यातून आयुर्मान वाढण्याबद्दल जे सांगितलं जातं, ते जपूनच घ्यावं. रोपाने जादू होत नाही. पण चमचा धरता येत असताना भरवणं, बटण लावता येत असताना लावून देणं, यातून हात खरोखर काम विसरतात, हे शुश्रूषा करणाऱ्या कुणालाही माहीत असतं.

उलट टोकालाही जाऊ नका. स्मृतिभ्रंश असलेल्याला ‘आज काय घालायचं?’ असं उघड्या कपाटासमोर विचारणं ही परीक्षा होते. दोन सदरे हातात धरून ‘हा की हा?’ विचारा.

डोक्यावरून बोलणं

‘जेवली का गं आमची बाळी?’ या लाडात मोठ्या माणसाचा अपमान असतो. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, लहान मुलांशी बोलावं तशा बोलण्याने स्मृतिभ्रंश असलेल्यांचा मदतीला विरोध वाढलेला दिसला. काय नावाने हाक मारायची ते त्यांनाच विचारा. कुणाला आजी चालतं, कुणाला बाई, कुणाला आडनावाच्या पुढे साहेब हवं असतं. ऐकू येत नसेल तर आवाज चढवण्याआधी कानातला मळ आणि यंत्राची बॅटरी बघा.

माहितीचा फॉर्म भरून कपाटात ठेवणं

दाखल होताना आठ पानं भरून घेतात. जन्मगाव, नोकरी, आवडीनिवडी. रात्रपाळीच्या व्यक्तीने ती कधी पाहिलेली नसतात. त्यापेक्षा एकच पान पलंगाजवळच्या कपाटाच्या दाराला आतून लावा: काय म्हणून हाक मारायची, कधी उठतात, कुठल्या कुशीवर झोपतात, काय केलं की चिडतात, कशाने शांत होतात. आजार, औषधं असली खासगी माहिती तिथे नको. दर तीन महिन्यांनी ते पान बदला, कारण माणूस बदलतो.

आणि ते पान वाचणारी माणसं टिकली पाहिजेत. रोज नवा चेहरा आला तर जिव्हाळा कुठून येणार? नेदरलँड्समध्ये 2006 मध्ये सुरू झालेल्या बूर्टझोर्ग या संस्थेने घरी जाणाऱ्या नर्सच्या लहान तुकड्या केल्या आणि कामाची आखणी त्यांच्यावरच सोपवली. तिथल्याच वेस्प गावात स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी होखेवेक ही अख्खी वस्ती उभी राहिली, छोट्या घरांची, दुकान आणि चौक असलेली. व्यवस्थापक तिथे जाऊन फोटो काढून आणतात आणि परत आल्यावर भिंतींना रंग देतात. रंगाआधी ड्यूटीचा तक्ता बदला: तीच मावशी त्याच सहा-सात जणांकडे, शक्यतो महिनोन्‌महिने.

घरी एकटीच सून किंवा मुलगी करत असेल, तर तिची झोप हाही काळजीचाच भाग आहे. आठवड्यातून ठरलेली सुट्टी, रात्रीची पाळी वाटून घेणं, हे ‘जमलं तर’ या यादीत टाकलं की तिचा आवाज चढतो, आणि मग आजोबांचाही.

ड्यूटी बदलताना शौच, ताप, औषधं यांच्या नोंदीसोबत एक ओळ वाढवा: आज या व्यक्तीने स्वतःहून काय मागितलं, आणि आपण ते दिलं का. सलग काही दिवस ‘काही मागितलं नाही’ असं येत असेल, तर कानाचं यंत्र, दुखणं, मनाचा खचलेपणा आणि आपली विचारण्याची पद्धत, या क्रमाने तपासा.