विंडोज सोडलं आणि ‘सोयरे’ बिघडले

कोरल, लेयर, पेन प्रेशर, सीएमवायके हे शब्द तुमच्या रोजच्या वापरातले आहेत असं धरून चालतो. नसतील तर लिनक्सच्या, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या फुकट सिस्टिमच्या, वाटेला आत्ता जाऊ नका. आधी हात बसू द्या, मशिन कुठं पळून जात नाही.

माझं काम म्हणजे लग्नपत्रिका, फ्लेक्स, मंडळांचे बॅनर आणि रात्री जमेल तशी मुलांच्या पुस्तकांची चित्रं. सोलापुरात अशोक चौकाकडं घर, वरच्या खोलीत पत्र्याखाली इंटेलच्या सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह कॉम्प्युटर. विंडोज १० ला मोफत अपडेट मिळणं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबणार होतं. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे माझं मशिन अधिकृतपणे बाद. नवीन घ्यायला पैसे नव्हते. मग दिवाळीच्या सुट्टीत एका बैठकीत विंडोज पुसून लिनक्स टाकलं.

दिवाळीत! तुळशीचं लग्न लागलं की पत्रिकांची झुंबड उडते हे इथलं शेंबडं पोरगंही सांगेल. तुम्हाला बदलायचंच असेल तर आषाढी एकादशी झाल्यावर बदला. गणपतीच्या ऑर्डरी येईपर्यंत मोकळा वेळ असतो. जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या, म्हणजे गड्ड्याच्या आधी नको आणि चौदा एप्रिलच्या आधी तर नकोच नको, तेव्हा बॅनरवाल्याला जेवायलाही फुरसत नसते.

ज्याची भीती होती ते मात्र सुरळीत झालं. पेननं चित्र काढायचा टॅब्लेट जोडला आणि कृता या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्या रेघेपासून प्रेशर आलं, म्हणजे जोर दिला की रेघ जाड. वॅकॉम कंपनीच्या टॅब्लेटचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच असतो, ह्युऑन आणि एक्सपी-पेन या कंपन्या आपापले लिनक्स ड्रायव्हर देतात. दोन स्क्रीन लावल्या तर पेन दोन्हींवर ताणला जातो आणि गोल काढायला गेलं की अंडं होतं. टॅब्लेटच्या सेटिंगमध्ये जाऊन तो एकाच स्क्रीनला बांधायचा, की झालं. यावर रात्र घालवू नका. मी घालवली.

आता खड्डा. इथं जरा सावकाश वाचा.

आपल्याकडच्या प्रेसमधलं जुनं मराठी मजकुराचं काम बहुतेक युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सगळीकडं एकच ठरलेला नंबर देणाऱ्या पद्धतीत, नसतं. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये कॉम्प्युटर मनातल्या मनात इंग्रजी अक्षरंच साठवतो, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ हा शब्द फाइलीत ई-जे-के-बी-एच असा असतो. फॉन्ट काढला की मुखवटा गळतो. मी गिऱ्हाइकाची मागच्या वर्षीची सीडीआर, म्हणजे कोरलची फाइल इंकस्केप या डिझाइनच्या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडली. इंकस्केप सीडीआर उघडतं, पण आत गणपतीच्या श्लोकाच्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. आणि माझं जुनं टायपिंगचं सॉफ्टवेअर तर फक्त विंडोजवर चालणारं.

तेव्हा मी शहाणपणा केला. मजकूर जुन्या फॉन्टचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरमध्ये टाकला, युनिकोड बाहेर आलं, नवीन फॉन्ट लावला. लांबून छान दिसत होतं. अशा कन्व्हर्टरची गोम अशी, की जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रम उलटा. कन्व्हर्टर तो क्रम फिरवतो आणि अधूनमधून घसरतो. वेलांट्या मी एकेक तपासल्या. ‘ऱ्य’कडं लक्ष गेलं नाही. मराठीत ‘सूर्य’मधला ‘र्य’ वेगळा आणि ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्य’ वेगळा. पहिल्यात साधा र, दुसऱ्यात नुक्त्याचा ऱ. माझ्या कन्व्हर्टरला हा फरक ठाऊकच नव्हता. ‘सगेसोयऱ्यांना आग्रहाचे निमंत्रण’ याचं त्यानं ‘सगेसोयर्यांना’ केलं.

प्रूफ व्हॉट्सॲपवर गेलं. घरच्यांनी नावं पाहिली, तिथी पाहिली, कार्यालयाचा पत्ता पाहिला आणि ‘ओके’ आलं. सहाशे पत्रिका छापून झाल्या. गठ्ठा घरी पोचल्यावर नवरीच्या मामांनी, आयुष्यभर मराठी शिकवलेल्या माणसानं, पहिल्याच नजरेत बोट ठेवलं. प्रेसवाल्या अण्णांचा फोन आला, “काय पाठवलास बे हे?” कागद, प्लेट, छपाई सगळं माझ्या अंगावर. महिन्याची कमाई गेली. त्याहून जास्त लागलं ते मामांचं गप्प बसणं.

म्हणून सांगतो, चालू कामाचा जुना मजकूर कन्व्हर्ट करू नका. नव्यानं टाइप करा. पत्रिकेत असून असून किती ओळी असतात? अर्धा तास लागतो. लिनक्समध्ये मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड, म्हणजे देवनागरी बटणांची ठरलेली मांडणी, आधीपासून असतो, सेटिंगमधून फक्त चालू करायचा. ‘ऱ्य’साठी शिफ्ट दाबून जे, मग डी, मग तिरपी रेघ. ही तीन बटणं मॉनिटरच्या कडेला चिकटवून ठेवा. फॉन्ट हवा तर ‘मुक्त’ नावाचा आहे, ‘बालू’ आहे. पत्रिकेला मी टिरो देवनागरी मराठी वापरतो, त्यात ल आणि श आपल्या वळणाचे मिळतात. तिन्ही फुकट आणि कायदेशीर.

आणि विंडोज पुसायच्या आधी, परत वाचा, आधी, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फाइलीच्या दोन प्रती करा. एक कर्व्ह केलेली, म्हणजे अक्षरांचे आकार करून टाकलेली पीडीएफ, म्हणजे डिझाइन फॉन्ट नसला तरी कुठंही उघडेल. दुसरी साधी, कर्व्ह न केलेली, म्हणजे मजकूर हाताशी राहील. मी यातलं काहीच केलं नव्हतं.

घाबरू नका मात्र. खड्डा माहीत असला की त्याला वळसा घालता येतो. खरं तर ऑपरेटिंग सिस्टिम बदलायची गरज सगळ्यात शेवटी पडते. कृता, इंकस्केप, फोटोसाठी गिंप, पानं जुळवायला स्क्रायबस हे चारही विंडोजवर चालतात. तीन महिने तिथंच वापरा. हात बसला की खालची सिस्टिम बदला, तेव्हा बदल जाणवणारसुद्धा नाही. ही साधी गोष्ट मला एकाही क्लासवाल्या सरांनी सांगितली नाही. सांगतील कशी, त्यांच्या क्लासमध्ये सगळं क्रॅकवर, म्हणजे कुलूप तोडलेल्या चोरीच्या कॉपीवर चाललेलं. चोरीच्या सॉफ्टवेअरवर शिकलेला पोरगा सॉफ्टवेअर शिकत नाही, बटणांच्या जागा पाठ करतो. जागा बदलल्या की रडतो. माझंच सांगतोय. मला खरं शिकवलं ते अण्णांच्या प्रेसमधल्या मशिनवाल्यानं, चहाच्या बदल्यात.

काळ्या रंगाचं त्यानंच दाखवलं. इंकस्केप आरजीबीत, म्हणजे स्क्रीनच्या लाल-हिरव्या-निळ्या रंगांत काम करतं. तिथला काळा मजकूर सीएमवायके, म्हणजे छपाईच्या चार शायांत, बदलताना चारही प्लेटवर विभागला जातो. एक प्लेट केसभर सरकली की बारीक अक्षरांना रंगीत सावली येते. म्हणून ऑफसेटचं, म्हणजे प्लेटवरच्या छपाईचं काम स्क्रायबसमध्ये जुळवा आणि मजकूर निव्वळ काळ्या प्लेटवर ठेवा. फ्लेक्सला एवढा सोस लागत नाही. कृता सीएमवायकेत काम करतं, प्रिंटरवाल्याकडून त्याच्या मशिनच्या रंगांची प्रोफाइल फाइल मागून घ्या आणि चित्र टिफ फाइलमध्ये द्या.

फोटोशॉपच्या फाइली रोज ये-जा करत असतील तर मात्र विंडोज सोडू नका. अडोबी लिनक्ससाठी फोटोशॉप काढत नाही. कृता फोटोशॉपची पीएसडी फाइल उघडतं, पण तिच्यातला स्मार्ट ऑब्जेक्ट, म्हणजे आत गुंडाळून ठेवलेलं मूळ चित्र, आतून बदलायला मिळत नाही. चादर-टॉवेलच्या जॅकार्ड, म्हणजे मागावर विणल्या जाणाऱ्या नक्षीच्या डिझाइनवाल्यांनीही थांबावं. मी ज्या दोन कारखान्यांना विणीचे चौकटीतले ग्राफ करून देतो त्यांचं सॉफ्टवेअर विंडोजवरच चालतं, त्यासाठी जुना लॅपटॉप कपाटात ठेवलाय. दोन्ही सिस्टिम एकाच मशिनवर ठेवणार असाल तर विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप, म्हणजे मशिन पूर्ण बंद न करता लवकर चालू करायची सोय, बंद करा, नाहीतर लिनक्स त्या ड्राइव्हवर काही लिहू देत नाही आणि तुम्ही उगाच डिस्क गेली म्हणून डोक्याला हात लावाल.

यंदाच्या सीझनला त्याच मशिनवर पत्रिका केल्या. एकही परत आली नाही. त्या सहाशे मात्र अण्णांनी टाकून दिल्या नाहीत. पाठकोऱ्या आहेत म्हणून हिशेब त्यांच्यावरच करतात. पैसे मागायला गेलो की एक चिठ्ठी हातात येते. मी ती उलटून बघत नाही.