जानेवारीचं बिल, मार्चचा नफा
पर्वरीतल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीचे हिशेब मी बघते. मार्चअखेर नफा इतका फुगलेला दिसला की मला झोप लागेना. बिलं चाळली. म्हापशाच्या एका हॉटेलला १ जानेवारीला वर्षभराच्या सबस्क्रिप्शनचं १,२०,००० रुपयांचं बिल दिलेलं, आणि टॅलीत (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) सगळी रक्कम थेट विक्रीत! सेवा तर ३ महिन्यांचीच झालेली. मग उरलेल्या ९ महिन्यांचे ९०,००० 'आगाऊ मिळालेलं उत्पन्न' म्हणून देण्यांत वळवले. एप्रिलपासून दरमहा १०,००० देण्यांतून विक्रीत आणणारी जर्नल एंट्री (हिशेबातली नोंद) लावली. जीएसटीचे २१,६०० वेगळे, ते सरकारचेच. कायमस्वरूपी लायसन्स असेल तर मात्र लायसन्स-की (सॉफ्टवेअर सुरू करायचा कोड) दिल्यावर उत्पन्न धरता येतं, सपोर्टचा भाग तेवढा पुढे पसरायचा. आता प्रत्येक बिलावर मुदतीच्या दोन्ही तारखा लिहून घेते.