संगणक आपल्या मापाचा करून घेताना

ठाण्यातल्या नौपाड्यात माझं डीटीपीचं, म्हणजे संगणकावर छपाईची पानं जुळवायचं, काम आहे. लग्नपत्रिका, सोसायट्यांची इतिवृत्तं, शाळांच्या स्मरणिका. पत्रिकेचा मजकूर द्यायला आलेली माणसं जाता जाता हमखास विचारतात, "ताई, मुलानं नवा कॉम्प्युटर घेऊन दिलाय, पण अक्षरं दिसत नाहीत", "तारखा उलट्यासुलट्या पडतात", "चालू व्हायलाच दहा मिनिटं लागतात". बहुतेक वेळा त्या संगणकात काहीही बिघडलेलं नसतं. तो ज्या सेटिंग्ज घेऊन आला त्याच राहिलेल्या असतात, आणि त्या कुणा एका माणसाचा विचार करून लावलेल्या नसतात. दुरुस्तीवाल्याला बोलावण्याआधी, नवीन मशीनचा विचार करण्याआधी, एक दुपार काढून त्या लावून घ्या. मात्र ज्याला तो संगणक रोज वापरायचा आहे त्यालाच खुर्चीत बसवा. मुलगा-सून घाईघाईनं सगळं लावून जातात ते त्यांच्या डोळ्यांच्या हिशेबानं, आणि आईबाबा पुन्हा मान पुढे काढून बसतात.

मी इथं विंडोज ११ धरून सांगते आहे. विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपला. घरगुती वापरासाठी नावनोंदणी केली तर सुरक्षेचे अपडेट १३ ऑक्टोबर २०२६पर्यंत मिळतात, पण ती तात्पुरती सोय आहे. बऱ्याचशा सेटिंग्ज तिथेही आहेत, नावं आणि जागा थोड्या वेगळ्या.

सुरुवात करण्याआधी एक वही घ्या. जी सेटिंग बदलाल तिचं नाव, आधी काय होतं आणि आता काय केलं, एवढं लिहा. एका वेळी एकच बदल करा, पाच मिनिटं वापरून बघा, मग पुढची. सहा गोष्टी एकदम बदलल्या की त्रास कशामुळे झाला ते कळत नाही. शिवाय एक रिस्टोअर पॉइंट करून ठेवा. स्टार्टमध्ये 'रिस्टोअर पॉइंट' असं इंग्रजीत टाइप केलं की खिडकी उघडते. तिथं सी ड्राइव्हपुढे 'ऑफ' दिसलं तर 'कॉन्फिगर'मध्ये जाऊन आधी ते चालू करायचं आणि मग 'क्रिएट' दाबायचं. यानं सिस्टीम मागच्या तारखेला नेता येते. तुमचे फोटो आणि कागदपत्रं मात्र यात साठत नाहीत, त्यांची प्रत पेन ड्राइव्हवर वेगळी हवी.

आता सेटिंग्ज उघडू. विंडोजची खूण असलेलं बटण दाबून धरायचं आणि आय दाबायचं.

सगळ्यात जास्त वेळ अक्षरांवर घालवा. चरईतल्या एका काकांकडे गेले होते. ते सकाळी संगणकावर वर्तमानपत्र वाचतात. वाचताना हनुवटी वर, नजर चष्म्याच्या खालच्या काचेतून. तासाभरानं मान धरायची. अशा वेळी लोक रिझोल्यूशन, म्हणजे चित्रातल्या ठिपक्यांची संख्या, कमी करतात, आणि अक्षर मोठं होतं खरं, पण धूसर होतं. पडद्यावरचे ठिपके ठरलेले असतात, चित्र त्यांच्याशी जुळलं नाही की कडा फाटतात. म्हणून रिझोल्यूशन जिथं 'रेकमेंडेड' लिहिलंय तिथंच ठेवा. बदलायचं ते 'स्केल'. सिस्टीम, मग डिस्प्ले, मग स्केल. १००वरून १२५ करा, नाही पुरलं तर १५०. यानं सगळंच मोठं होतं, बटणं आणि चित्रंसुद्धा. एवढ्यानंही भागत नसेल तर ॲक्सेसिबिलिटीमध्ये 'टेक्स्ट साइझ' आहे. ती पट्टी १००पासून २२५ टक्क्यांपर्यंत सरकते आणि फक्त अक्षर वाढवते. आधी स्केल, मग हे. उलट क्रमानं केलं तर अक्षरं मोठी आणि बटणं बारीक असा प्रकार होतो आणि काही खिडक्यांत शब्द अर्धे कापले जातात.

माप ठरवताना इंग्रजी मजकूर बघू नका, मराठी बघा. आपल्या लिपीत वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार. इंग्रजी आरामात वाचता येतं त्या आकारात मराठी डोळ्यांना जड जातं. मी नोटपॅडमध्ये 'सुत' आणि 'सूत' एकाखाली एक लिहिते, 'अर्क' आणि 'अर्के' लिहिते, आणि विचारते, "काका, उकार कुठला ऱ्हस्व, कुठला दीर्घ?" पाठीला टेकून, मान सरळ ठेवून उत्तर बरोबर आलं की ते माप पक्कं. त्या काकांचं १५० वर थांबलं, आणि खुर्ची टेबलापासून वीतभर मागे गेली. मग स्टार्टमध्ये 'क्लिअरटाइप' शोधा. तो मजकुराचे नमुने दाखवतो, त्यातला सर्वांत स्वच्छ दिसेल तो निवडत जायचं. हेही ज्याचे डोळे, त्यानंच निवडायचं.

रात्री बसणाऱ्यांनी डिस्प्लेमध्येच 'नाइट लाइट', म्हणजे पडद्याचा पिवळसर उजेड, चालू करावा. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये पश्चिमेला मोठ्या काचा असतात, तिथं दुपारी पडद्यावर जी चमक येते ती कुठल्याच सेटिंगनं जात नाही. टेबल फिरवा आणि खिडकी बाजूला येऊ द्या.

हात थरथरत असेल तर माऊसकडे लक्ष द्या. डबल क्लिक लागत नाही म्हणून कितीतरी ज्येष्ठ मंडळी "मला नाही जमणार" म्हणून संगणक सोडून देतात, आणि याचं मला मनापासून वाईट वाटतं, कारण हे दोन मिनिटांचं काम आहे. 'ब्लूटूथ अँड डिव्हायसेस'मध्ये माऊस, तिथं तळाशी 'ॲडिशनल माऊस सेटिंग्ज'. उघडणाऱ्या छोट्या खिडकीत डबल क्लिकच्या वेगाची पट्टी आहे, ती 'स्लो'कडे न्या. बाजूच्या फोल्डरच्या चित्रावर त्यांनाच क्लिक करून बघू द्या. फोल्डर सहज उघडलं की झालं. तरीही नाही जमलं तर फाइल एक्सप्लोररच्या 'फोल्डर ऑप्शन्स'मध्ये एका क्लिकनं उघडण्याची सोय आहे. बाण सापडत नसेल तर ॲक्सेसिबिलिटीमध्ये 'माऊस पॉइंटर' मोठा करा आणि त्याला गडद रंग द्या. त्याखालीच 'टेक्स्ट कर्सर' आहे. टाइप करताना लुकलुकणाऱ्या उभ्या रेघेला वरखाली रंगीत टोकं लावता येतात.

आता तारखा. सोसायटीचे हिशेब ठेवणाऱ्या खजिनदारांनी हा भाग नीट वाचावा. संगणक अमेरिकेच्या पद्धतीवर राहिला असेल तर त्याच्या लेखी आधी महिना, मग दिवस. तुम्ही एक्सेलमध्ये ०४/०५/२०२५ टाकता, मनात ४ मे असतं, तो ५ एप्रिल धरतो. काही चूक दाखवत नाही, आवाज करत नाही. मग २५/०४/२०२५ टाकता. पंचविसावा महिना नसतो म्हणून तो त्याला तारीख न मानता नुसता मजकूर मानतो. रकान्याकडे निरखून बघा. काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या आणि काही डावीकडे दिसल्या तर हेच झालंय. उजवीकडच्या त्याच्या मते तारखा, डावीकडचा मजकूर. अशा तक्त्यात मेंटेनन्स उशिरा भरणाऱ्यांची यादी काढली की निर्दोष माणसावर व्याज लागतं आणि वार्षिक सभेत भांडण होतं.

उपाय एक्सेलमध्ये नाही, विंडोजमध्ये आहे. 'टाइम अँड लँग्वेज', मग 'लँग्वेज अँड रीजन'. देश इंडिया आणि 'रीजनल फॉरमॅट' इंग्लिश इंडिया करा. एक्सेल बंद करून पुन्हा उघडा. दिवस आधी येईल आणि मोठ्या रकमांचे स्वल्पविराम लाख-कोटींच्या जागी पडतील. पण आधी चुकीच्या साठलेल्या तारखा यानं सुधारत नाहीत. पाच एप्रिल झालेली चार मे तशीच राहते, फक्त दिसते वेगळी. जुना तक्ता पावत्या समोर ठेवून तपासावाच लागतो. तिथंच कीबोर्डही इंग्लिश इंडिया ठेवा, म्हणजे उजवीकडचं ऑल्ट धरून ४ दाबलं की ₹ उमटतं.

घड्याळाचंही बघून घ्या. जुना डेस्कटॉप रोज सकाळी काही वर्षं मागची तारीख दाखवत असेल आणि बँकेचं पान 'सुरक्षित नाही' म्हणून उघडत नसेल, तर आतल्या मदरबोर्ड या मुख्य पाटीवरचा सीआर २०३२ हा गोल सेल संपलेला असतो. तो बदलायचा. सेटिंग कितीदाही दुरुस्त केली तरी टिकणार नाही.

मराठी टायपिंग हा माझ्या पोटापाण्याचा विषय, त्यामुळे इथं जरा रेंगाळते. 'लँग्वेज अँड रीजन'च्या पानावरच 'ॲड अ लँग्वेज'मधून मराठी घ्या. बरोबर कीबोर्ड येतो तो इनस्क्रिप्ट, भारत सरकारनं १९८६मध्ये प्रमाण ठरवलेला. इंग्रजी स्पेलिंगसारखं टाइप करायची सवय असेल तर मराठीपुढच्या तीन ठिपक्यांतून 'लँग्वेज ऑप्शन्स'मध्ये जाऊन 'मराठी फोनेटिक' जोडा. विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. अधूनमधून चार ओळी लिहिणाऱ्याला फोनेटिक पुरे. रोज लिहिणाऱ्यानं इनस्क्रिप्ट शिकावं असं माझं ठाम मत आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि प्रत्येक अक्षराची जागा ठरलेली, अंदाजाला वाव नाही. 'दुसऱ्या', 'शेतकऱ्यांना' हे शब्द लोक रफार देऊन 'दुसर्या' असे लिहितात, आणि ते छापून आलं की माझा जीव तुटतो. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्टसकट इंग्रजी J दाबा, मग D, मग तिरकी रेघ (/), मग E. 'ऱ्या' स्वच्छ उमटतो. शिफ्टसकट N म्हणजे ळ.

'टाइम अँड लँग्वेज'मध्येच 'टायपिंग'खाली 'ॲडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज' आहे. तिथं प्रत्येक ॲपच्या खिडकीसाठी वेगळी भाषा ठेवण्याचा चौकोन आहे, त्यावर खूण करा. वर्डमध्ये मराठी आणि ब्राउझरमध्ये इंग्रजी राहते, आणि पासवर्ड मराठीत टाइप होऊन खातं अडकण्याचा ताप कमी होतो. नव्या मशीनवर 'मंगल' किंवा 'कोकिळा' फाँट दिसत नसेल तर 'ऑप्शनल फीचर्स'मध्ये देवनागरीचे पूरक फाँट शोधून बसवा.

संथपणाकडे येऊ. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. 'परफॉर्मन्स'मध्ये सीपीयूवर क्लिक करून 'अप टाइम' बघा. रोज रात्री शटडाउन करणाऱ्यांच्या संगणकावरही तिथं कित्येक दिवसांचा आकडा दिसतो. कारण 'फास्ट स्टार्टअप' चालू असलं की शटडाउन करताना विंडोज आपला गाभा डिस्कवर साठवून ठेवतो आणि सकाळी तोच उचलतो. त्यातली अडगळही तशीच परत येते. 'रीस्टार्ट' केलं तरच सगळं मुळापासून चालू होतं. म्हणून आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा. त्याच टास्क मॅनेजरमध्ये 'स्टार्टअप ॲप्स' बघा. संगणकाबरोबर आपोआप उठणारी गप्पांची, गाण्यांची, प्रिंटरची ॲप्स तिथं दिसतात. नको ती 'डिसेबल' करा. ॲप काढलं जात नाही, फक्त न बोलावता येत नाही. अँटीव्हायरस आणि साउंड यांना हात लावू नका.

जागा कमी पडत असेल तर सिस्टीममधल्या 'स्टोरेज'मध्ये नको त्या फाइल्स आपोआप पुसणारा 'स्टोरेज सेन्स' आहे. चालू करा, पण डाउनलोड्स फोल्डरपुढे 'नेव्हर' आहे ना, याची खात्री करूनच. आपल्याकडे लोकांची वीजबिलं, आधार, विम्याचे कागद सगळे डाउनलोड्समध्येच पडलेले असतात. अपडेट नको त्या वेळी येतात ही तक्रार असेल तर विंडोज अपडेटच्या 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये 'ॲक्टिव्ह अवर्स'मध्ये आपल्या कामाची वेळ भरा. अपडेट कायमचे बंद करून देतो म्हणणाऱ्याला तुमचा संगणक देऊ नका.

घरात ज्येष्ठ मंडळी एकटी असतात तिथं अकाउंट वेगळं ठेवा. 'अकाउंट्स'मध्ये 'अदर यूजर्स'. आधी एक नवीन ॲडमिनिस्ट्रेटर खातं बनवा, त्याचा पासवर्ड ऐरोलीतल्या मुलीकडे राहू द्या, आणि मग रोजचं खातं 'स्टँडर्ड' करा. बँकेतून बोलतोय म्हणत कुणी फोनवर काही बसवायला सांगितलं तर बहुतेक वेळा तिथं पासवर्ड मागितला जातो आणि काम थांबतं. काही ॲप्स न बसवताही चालतात, त्यामुळे यावरच विसंबू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० हा सायबर हेल्पलाइनचा नंबर लावायचा, हे पडद्याशेजारी मोठ्या अक्षरात चिकटवा.

शेवटी 'प्रायव्हसी अँड सिक्युरिटी'मध्ये 'डिव्हाइस एन्क्रिप्शन', म्हणजे डिस्कवरच्या माहितीला कुलूप लावणारी सोय, चालू आहे का बघा. नव्या लॅपटॉपवर ते बऱ्याचदा आपोआप चालू झालेलं असतं. चांगलंच आहे, पण दुरुस्तीनंतर कधीतरी निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते, आणि ती नसेल तर डिस्कवरचं काही परत मिळत नाही. ज्या मायक्रोसॉफ्ट खात्यानं संगणक चालू केला त्यात ती साठलेली असते. ते खातं बहुधा मुलाच्या नावावर असतं. त्याला आजच फोन करून ती की मागवा, वहीत उतरवा, दुसऱ्या माणसाकडून आकडे ताडून घ्या आणि ती वही सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटच्या फाइलमध्ये ठेवा.