मेल सर्व्हर बसवताना: पोस्टफिक्स, डव्हकॉट आणि खरी डोकेदुखी

सिस्टीम अ‍ॅडमिनच्या नोकरीत नवीन आलेली मुलं हमखास विचारतात, "सर, मेल सर्व्हरला कुठलं सॉफ्टवेअर घेऊ?" मी उलट विचारतो, आयपी (सर्व्हरचा इंटरनेटवरचा पत्ता) कुठला मिळालाय? सॉफ्टवेअरची निवड सोपी आहे. मेल समोरच्याच्या इनबॉक्समध्ये पडणार की स्पॅममध्ये, ते आयपी आणि डीएनएसवर (डोमेनच्या जाहीर नोंदींवर) जास्त ठरतं.

म्हणून सर्व्हर भाड्याने घेतानाच दोन गोष्टी विचारून घ्या. पोर्ट २५ वरून, म्हणजे एका सर्व्हरने दुसऱ्याला मेल द्यायच्या दारातून, मेल बाहेर जाऊ देतात का? बरेच क्लाउडवाले ते बंद ठेवतात, अर्ज करून उघडून घ्यावं लागतं. दुसरं, रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून नाव सांगणारी नोंद) आपल्या होस्टनेमवर, म्हणजे सर्व्हरच्या नावावर, लावून मिळेल का? ही पीटीआर नोंद आपल्या डोमेनच्या पॅनेलमध्ये शोधत बसू नका. आयपी ज्याचा, नोंद त्याच्याकडे.

आता सॉफ्टवेअर. वीत्से वेनेमा यांनी आयबीएममध्ये असताना लिहिलेलं पोस्टफिक्स १९९८ पासून चालू आहे आणि अजूनही माझी पहिली पसंती तेच. मेलची ने-आण पोस्टफिक्स करतं, मेलच्या पेट्या (मेलबॉक्स) डव्हकॉट सांभाळतं. मेलकाउ, आयरेडमेल असे तयार संच झटपट उभे राहतात, वाईटही नाहीत. पण मेल अडकला की नेमका कुठल्या लॉगमध्ये डोकवायचं, हे त्यांतून शिकायला मिळत नाही. एकदा सगळं हाताने बसवा, मग खुशाल तयार संच घ्या.

बसवताना पोस्टफिक्सच्या 'मायनेटवर्क्स'मध्ये (पासवर्ड न विचारता मेल पाठवू द्यायच्या मशीनच्या यादीत) फक्त स्वतःचं मशीन ठेवा. तिथे अख्खं जग घातलंत की ओपन रिले (कुणाचाही मेल पुढे ढकलणारा सर्व्हर) झालाच, आणि आयपी काळ्या यादीत. माणसांनी पासवर्ड देऊन पोर्ट ५८७ किंवा ४६५ वरून पाठवावं, ९९३ वरून वाचावं.

सगळ्यात जास्त वेळ खाते डीकेआयएमची (मेलवरच्या डिजिटल सहीची) किल्ली, म्हणजे 'की'. २०४८ बिटांची की लांबलचक असते, आणि ती जिथे ठेवतात त्या डीएनएसच्या टीएक्सटी (मजकुराच्या) नोंदीतल्या एका तुकड्यात २५५ अक्षरंच मावतात. म्हणून ती अवतरणचिन्हांत दोन तुकड्यांत द्यायची. काही पॅनेल आपणहून तोडतात, काही गुपचूप शेपूट कापतात. तेव्हा 'डिग' (डीएनएस नोंद तपासायची कमांड) मारून शेवटचं अक्षर जुळतंय ना ते बघाच. मग जीमेलला एक मेल टाका आणि 'शो ओरिजिनल' उघडा: एसपीएफ (कुठले सर्व्हर आपल्या नावाने मेल पाठवू शकतात ती यादी), डीकेआयएम, डीमार्क (तपासणीत नापास मेलचं काय करायचं ते धोरण) तिन्हींपुढे 'पास' दिसायला हवं. डीमार्कचं धोरण सुरुवातीला 'नन' (काही कारवाई नको) ठेवा, अहवाल वाचून मग आवळा.

वेबमेलसाठी, म्हणजे ब्राउझरमध्ये मेल वाचायला, राउंडक्यूब. जुन्या ट्युटोरियलमध्ये स्क्विरलमेल दिसलं तर पान बंद करा; त्याची १.४.२२ ही शेवटची स्थिर आवृत्ती २०११ ची आहे. राउंडक्यूबही बसवून विसरण्यातलं नाही. लॉगिन असलेल्या कुणालाही सर्व्हरवर हवा तो कोड चालवता येईल, अशी त्यातली जुनी फट जून २०२५ मध्ये १.६.११ आणि १.५.१० या आवृत्त्यांत बुजवली गेली. तेव्हा नवीच आवृत्ती घ्या, आणि काम झालं की त्याचं 'इन्स्टॉलर' फोल्डर त्याच दिवशी उडवा.