अळ्यांवरून वर्गीकरण करताना या चुका टाळा

बहुतेक संग्रहांत प्रौढ कीटक टाचणीवर नीट लावलेले असतात आणि अळ्या मात्र एकाच कुपीत कोंबलेल्या, वर चिठ्ठी ‘अनोळखी’. माझ्या मते इथेच सगळ्यात जास्त माहिती वाया जाते.

पहिली चूक म्हणजे नुसत्या रूपावरून निदान करणं. इंग्रज कीटकशास्त्रज्ञ विल्यम कर्बी यांनी १८०२ मध्ये मधमाश्यांच्या अंगावरच्या एका बारीक किड्याला ऊ समजून नाव दिलं. ती निघाली मेलो भुंगेऱ्याची नुकतीच जन्मलेली अळी! मायक्रोडॉन माशीच्या अळ्यांची नोंद तर गोगलगायींच्या गटात झाली होती. फुलपाखराची म्हणून ठेवलेली अळी सॉफ्लायची (मधमाश्या-गांधीलमाश्यांच्या गटातल्या एका कीटकाची) असू शकते. पोटाखालचे मांसल पाय मोजा. फुलपाखरं-पतंगांच्या अळ्यांत त्यांच्या बहुधा जास्तीत जास्त पाच जोड्या असतात आणि तळव्यावर बारीक आकडे दिसतात. सॉफ्लायच्या अळीत बहुधा सहा किंवा जास्त जोड्या असतात, आकडे नसतात आणि डोक्याच्या प्रत्येक बाजूला एकच साधा डोळा असतो.

खात्री हवी तर अळी पाळा. एकाच अंडीपुंजातल्या काही अळ्या जतन करा, बाकीच्या वाढू द्या. प्रौढ बाहेर आला की शेवटची कात आणि रिकामा कोष फेकू नका, त्याच क्रमांकाने त्याच्यासोबत ठेवा. अळी आणि प्रौढ यांना जोडणारा पुरावा तोच. कोषातून भलतीच छोटी गांधीलमाशी निघाली, तर ती त्या अळीचा प्रौढ नव्हे, परजीवी आहे. तशीच नोंद करा.

जिवंत अळी थेट अल्कोहोलमध्ये टाकली की बऱ्याचदा काळी पडते. आधी फोटो घ्या, कारण रंग टिकत नाही. मग नुकत्याच उकळलेल्या पाण्यात थोडा वेळ बुडवून ८० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवा. डीएनएसाठी एक-दोन अळ्या वेगळ्या, ९५ टक्क्यांत.

वेगवेगळ्या वयाच्या अळ्यांची आपसांत तुलना करू नका. पहिल्या अवस्थेत, म्हणजे पहिली कात टाकण्याआधी, मोजके मूळ केस असतात. पुढे कात टाकताना अनेक गटांत नवे केस येतात. अवस्था ठरवायला शरीराची लांबी नको, डोक्याची रुंदी मोजा. ती फक्त कात टाकतानाच वाढते, आणि बहुधा ठरावीक पटीने, हे कीटकशास्त्रज्ञ डायर यांनी १८९० मध्ये दाखवलं.

उत्क्रांतीचा विचार करताना बिनपायाच्या अळ्या एकमेकींच्या नातलग मानण्याचा मोह होतो. पण माश्या, मधमाश्या आणि सोंडे (सोंड असलेले भुंगेरे) यांच्यात पाय स्वतंत्रपणे नाहीसे झाले. तयार अन्नात राहणाऱ्या अळीला चालायची गरजच उरत नाही. अळीही नैसर्गिक निवडीच्या दाबाखाली बदलते, ती पूर्वजाची जशीच्या तशी प्रत नसते.

अळ्या एक नातं सांगतात आणि प्रौढ दुसरं, असं झालं तर कुठलीही बाजू दडपू नका. कोस्टारिकातल्या अ‍ॅस्ट्राप्टिस फुल्गरेटर या फुलपाखराचे प्रौढ जवळपास सारखेच दिसत, पण सुरवंटांचे रंग आणि खाद्यवनस्पती वेगळ्या होत्या. डीएनए जोडून पाहिल्यावर २००४ मध्ये संशोधकांनी त्या एका नावाखाली १० प्रजाती असल्याचं मांडलं.